तेरा वर्षं प्राडो चालवल्यावर आलिशान एसयूव्ही घ्यावी का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तेरा वर्षांत तुम्ही लागोपाठ दोन लँड क्रूझर प्राडो वापरल्या. आत्ताची 2.8 लिटर डिझेल, नऊ वर्षांची, 2,10,000 किलोमीटर झालेली. एवढ्या काळात ती एकदाही वाटेत बंद पडली नाही, आणि दोन्ही गाड्या एकाच मेकॅनिकने सांभाळल्या. आईचे गुडघे आणि पाठ आता त्या गाडीत त्रास देतात, म्हणून बदल हवा आहे. डोळ्यांसमोर दोन पर्याय आहेत: नवी बीएमडब्ल्यू एक्स5, किंवा तीन वर्षं वापरलेली मर्सिडीज जीएलई. रोजचा वापर शहरात आणि हायवेवर. दोन महिन्यांतून एकदा डोंगरातल्या घरी जायला चौदा किलोमीटरचा कच्चा रस्ता, वाटेत एक ओढा. आणि शेवटचं वाक्य: ‘पस्तावणार तर नाही ना?’

माझं मत सांगतो. बदल करा. आईसाठी करताय, कारण योग्य आहे आणि त्या कारणाला या गाड्या खरोखर उत्तर देतात. पण माझ्याकडे गाडी बदलून पस्तावलेली जी माणसं आली, ती गाडी वाईट निघाली म्हणून पस्तावली नव्हती. नवी गाडी त्यांनी जुन्या गाडीच्या सवयीने वापरली होती. प्राडो दुर्लक्ष माफ करते. सर्व्हिसला दोन महिने उशीर झाला, पुढे एका कंपनीचे टायर आणि मागे दुसऱ्या कंपनीचे टाकले, बॅटरी बाजारातून आणून स्वतः बसवली, तरी ती कुरकुर करत नाही. एक्स5 आणि जीएलई कुरकुर करतात, आणि पहिली कुरकुर ऐकली नाही तर दुसऱ्या खेपेला मोठं काम काढतात. हा फरक आधी मनात पक्का करा. किंमत, रंग, फीचर हे सगळं त्यानंतर.

फरक असा का आहे, हे कळलं तर पुढचे निर्णय सोपे होतात. तुमच्या प्राडोखाली शिडीसारखी चेसिस आहे आणि तिच्यावर रबरी माउंटिंगवर बॉडी बसवलेली आहे. मागे सलग ॲक्सल आहे, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकाच आडव्या दांड्याला जोडलेली आहेत. आडवाटेला, ओझ्याखाली वर्षानुवर्षं टिकावी म्हणून हे घराणं तयार झालं. आलिशान एसयूव्हीची सुरुवात मात्र दोन्ही बाजूंनी झाली. मर्सिडीजने 1997 मध्ये जी एम-क्लास आणली तिलाही शिडीची चेसिस होती. 2005 च्या पिढीत ती सोडून त्यांनी मोटारीसारखी एकसंध बॉडी घेतली, आणि त्याच गाडीला 2015 पासून जीएलई म्हणतात. बीएमडब्ल्यूची एक्स5 तर 1999 मध्ये पहिल्या दिवसापासून एकसंध बॉडीची. तेव्हा लँड रोव्हर बीएमडब्ल्यूच्याच मालकीची होती आणि उतारावर गाडी आपोआप सावकाश उतरवणारी यंत्रणा तिथून एक्स5 मध्ये आली, पण गाडीचा पिंड मोटारीचाच राहिला. खुद्द कंपनी तिला एसयूव्ही न म्हणता ‘स्पोर्ट्स ॲक्टिव्हिटी व्हेइकल’ म्हणते. म्हणजे तुम्ही प्राडोची भारी आवृत्ती घेत नाही आहात. तुम्ही उंच केलेली, जोरदार आणि अतिशय आरामदायक मोटार घेताय. प्राडोशी तुलना करत बसलात तर पहिले सहा महिने सारखं काहीतरी खटकत राहील.

आईच्या पाठीचं बघू, कारण खरा मुद्दा तोच आहे. सलग ॲक्सलमध्ये डावं चाक खड्ड्यात गेलं की उजव्या चाकालाही त्याचा हिसका जातो, आणि मागच्या सीटवरचा माणूस खालीवर कमी, आडवा जास्त हलतो. तरण्या पाठीला हे जाणवत नाही. सत्तरीच्या पाठीला तेच नको असतं. एक्स5 आणि जीएलईमध्ये मागचं प्रत्येक चाक स्वतंत्र आहे, त्यामुळे ते आडवं डोलणं बरंच कमी होतं. गुडघ्यांचा त्रास चढ-उताराचा आहे. एक्स5 ला दोन्ही ॲक्सलवर एअर सस्पेन्शन घेतलं तर गाडी नेहमीच्या उंचीपेक्षा 40 मिलिमीटर खाली बसते आणि गरज पडली तर 40 वर उठते. जीएलईच्या एअर सस्पेन्शनमध्येही (मर्सिडीज त्याला एअरमॅटिक म्हणते) गाडी खाली करता येते. चार सेंटीमीटर म्हणजे काय, असं वाटेल. पण पायरी चढताना दरवाज्याची कड धरून थांबणाऱ्या माणसाला विचारा. शोरूममध्ये आईंना घेऊन जा, गाडी खाली बसवायला सांगा आणि त्यांना मागे तीनदा बसू-उतरू द्या. दाराचा उंबरा किती रुंद आहे, उतरताना पिंडरी त्याला घासते का, हे तिथेच कळेल. माहितीपत्रकात ते कुठेच लिहिलेलं नसतं.

आता एअर सस्पेन्शनची दुसरी बाजू, आणि इथे मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण पुढच्या आठ वर्षांचा निम्मा हिशेब याच एका निर्णयात आहे. स्टीलच्या स्प्रिंगऐवजी प्रत्येक कोपऱ्यात रबराची हवेची पिशवी असते. एक कॉम्प्रेसर हवा भरतो, व्हॉल्व्हचा एक ठोकळा ती वाटतो, आणि उंची मोजणारे सेन्सर सतत खबर देत असतात. पिशवीचं रबर घडी पडते तिथे चिरतं. वय, ऊन, धूळ आणि चिखल यांनी ते लवकर होतं. चीर आधी केसासारखी असते आणि हवा अगदी हळू जाते. रात्रीत एक कोपरा थोडा खाली बसतो, सकाळी इंजिन सुरू केलं की कॉम्प्रेसर हवा भरतो आणि गाडी पुन्हा सरळ उभी राहते. मालकाला वाटतं, काही झालंच नाही.

एका कुटुंबाने पाच वर्षांची आलिशान एसयूव्ही घेतली होती. कंपनीचं नाव इथे महत्त्वाचं नाही, ही गोष्ट कुठल्याही गाडीत घडू शकते. शनिवार-रविवार गाडी उभी असायची आणि सोमवारी सकाळी पुढचा डावा कोपरा बसलेला दिसायचा. सुरू केली की उठायची. चार महिने त्यांनी तशीच चालवली. फुटकी पिशवी भरत राहायला कॉम्प्रेसर रोज ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त चालत होता. शेवटी तो तापून जळला आणि सोबत त्याचा रिलेही (त्याला वीज चालू-बंद करणारा स्विच) चिकटला. वेळेत आले असते तर एक पिशवी बदलून काम झालं असतं. आले तेव्हा पिशवी, कॉम्प्रेसर, रिले आणि पुन्हा पूर्ण कॅलिब्रेशन, एवढं सगळं करावं लागलं. भला माणूस होता, गाडीची हेळसांड करणारा नव्हता. आधीची गाडी असं काही सांगायचीच नाही, म्हणून ऐकायची सवय नव्हती, इतकंच.

म्हणून तुमच्यासाठी माझा हिशेब असा. नवी एक्स5 घेणार असाल तर आईंसाठी एअर सस्पेन्शन जरूर घ्या, आणि कंपनी देईल तेवढी वाढीव वॉरंटी त्याच दिवशी घ्या. वॉरंटी संपायच्या दोन महिने आधी चारही पिशव्या आणि कॉम्प्रेसर तपासून घ्या. एअर सस्पेन्शनची जुनी जीएलई घेणार असाल, तर किमान दोन वर्षांची वॉरंटी हातात असल्याशिवाय घेऊ नका. वॉरंटी मिळत नसेल तर स्प्रिंगवाली जीएलई शोधा. तिची राइडही चांगली आहे, फक्त खाली बसायची सोय जाते.

टायर आणि रिम हा दुसरा महत्त्वाचा मुद्दा. इथे मी स्वतः एकदा चुकीचा सल्ला दिलाय, त्यामुळे जरा कळकळीने सांगतो. मित्राने विचारलं, मोठे रिम घेऊ का? गाडीवर शोभत होते, मी हो म्हटलं. वर्षभरात दोन रिम वाकले, एक टायर कडेने फुटला आणि त्याच्या वडिलांनी त्या गाडीत बसणंच सोडलं. आकडेच बघा. तुमच्या प्राडोचा 265/60 आर18 टायर (265 मिलिमीटर रुंद, कडेची उंची रुंदीच्या 60 टक्के, रिम 18 इंची) घेतला तर रिम आणि रस्ता यांच्यामध्ये 159 मिलिमीटर रबर आहे. एक्स5 च्या 265/50 आर19 मध्ये ते 132 होतं. 21 इंची रिमवर पुढे 275/40 आणि मागे 315/35 येतात, तिथे 110 उरतं. 22 इंचीवर 95 च्या आसपास. सस्पेन्शन कितीही हुशार असलं तरी खड्ड्याची धारदार कड आधी टायरच झेलतो. आईच्या पाठीसाठी गाडी बदलायची आणि 22 इंची रिम घ्यायचे, म्हणजे एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेणं. 19 इंची घ्या. विक्रेता म्हणेल की या मॉडेलवर एवढे छोटे रिम कुणी घेत नाही. तरी 19 इंचीच घ्या.

पुढे-मागे वेगळ्या मापाचे टायर असले की ते आलटून-पालटून फिरवता येत नाहीत, त्यामुळे मागची जोडी लवकर संपते. चार चाकांना ताकद देणाऱ्या या गाड्यांत चारही टायरांची झीज जवळपास सारखी असावी लागते. दोन नवे आणि दोन घासलेले असले तर चाकांचे फेरे जुळत नाहीत, आणि ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसमधला क्लच सरळ रस्त्यावरसुद्धा घसरत राहतो. टायर स्वस्तात भागवले म्हणून ट्रान्सफर केस उघडलेली मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिली आहे. टायरच्या कडेवर बीएमडब्ल्यूसाठी चांदणीची आणि मर्सिडीजसाठी ‘एमओ’ अशी खूण असते. ते टायर त्या गाडीसाठी कंपनीने जुळवून घेतलेले असतात. तीच खूण असलेला संच घ्या.

स्टेपनीचा प्रश्न तुमच्या कच्च्या रस्त्यामुळे गंभीर होतो. यातल्या बऱ्याच गाड्यांना रन-फ्लॅट टायर असतात किंवा नुसतं पंक्चरचं किट मिळतं. रन-फ्लॅट टायर हवा गेल्यावर साधारण 80 किलोमीटर, तेही ताशी 80 च्या आत, चालतो. हायवेवर तेवढं पुरतं. डोंगरात दगडाने कड फाटली तर किटचा उपयोग नाही, आणि त्या मापाचा टायर जवळच्या गावात मिळणार नाही. बुकिंग करतानाच त्या गाडीला छोटी स्टेपनी मिळते का आणि ती कुठे बसते, हे लिहून घ्या. डिकीतली जागा थोडी कमी होईल, चालेल.

ओढ्याबद्दल स्पष्ट बोलतो. प्राडोची पाण्यातून जायची मर्यादा 700 मिलिमीटर आहे, एक्स5 ची 500. वीस सेंटीमीटरचा हा फरक म्हणजे पाणी बंपरच्या खालच्या भागाला लागणं आणि हवा खेचण्याच्या वाटेपर्यंत पोचणं यातला फरक. पाणी गुडघ्याच्या वर असेल तर थांबायचं, पाणी उतरू द्यायचं किंवा परत फिरायचं. प्राडोत तुम्ही नजरेने अंदाज घेऊन गाडी घालत असाल. ही सवय पहिल्या दिवशी सोडा. या गाड्यांना लो-रेंज गिअरही (अवघड चढासाठीचा, कमी वेगाचा आणि जास्त जोराचा) सहसा नसतो, तेव्हा ओल्या मातीच्या खड्या चढावर जोर काढताना गिअरबॉक्स तापतो. चौदा किलोमीटरचा साधा कच्चा रस्ता ती निवांत काढेल. पण त्या रस्त्यावर वर्षातून दोन-तीनदा अडकायची वेळ येत असेल तर मला पुन्हा कळवा, माझं उत्तर बदलेल.

चालवण्यातला फरक तुम्हाला पहिल्या पाच मिनिटांत कळेलच. तुमच्या प्राडोचं इंजिन 177 अश्वशक्तीचं आणि 450 न्यूटन मीटरचं. डिझेल एक्स5 मध्ये टॉर्क 650 न्यूटन मीटरच्या आसपास आहे आणि शंभराचा वेग सहा-साडेसहा सेकंदांत येतो, तोही काही आवाज न होता. हे मोहाचं आहे तसंच धोक्याचंही. प्राडोत वेग कानाला कळायचा. इथे 80 वाटतात तेव्हा काटा 110 वर असतो. ब्रेक पायाखाली लगेच धरतात, तर प्राडोत पेडल जरा खोल जायचं, म्हणून पहिले काही दिवस मागे बसलेल्यांच्या माना पुढे झुकतील. स्टिअरिंग हलकं आणि चटकन वळणारं आहे. पहिला महिना कम्फर्ट मोडवर चालवा, स्पोर्टला हात लावू नका. लेन सांभाळणारी यंत्रणा स्टिअरिंग ओढते तेव्हा दचकू नका, आधी रिकाम्या रस्त्यावर तिची ओळख करून घ्या. पडद्यावरच्या मेन्यूंची काळजी तर अजिबात नको, पंधरा दिवसांत बोटांना सवय होते. फक्त बुकिंगच्या वेळी कुठलं फीचर कायमचं आहे आणि कुठलं वर्गणीवर चालतं हे विचारून घ्या. बीएमडब्ल्यूने 2022 मध्ये काही देशांत सीट गरम करण्याची सोयसुद्धा वर्गणीवर दिली होती आणि टीका झाल्यावर 2023 मध्ये तो विचार सोडला. असे प्रयोग पुढेही होतील.

आता देखभाल. इथे तुमच्या मेकॅनिकचं काय, हा प्रश्न तुम्ही थेट विचारला नाहीत, पण पत्रात त्याचा उल्लेख तीनदा आलाय. तेरा वर्षं ज्याने गाडीचा आवाज ऐकून दुखणं ओळखलं, त्याला सोडताना वाईट वाटतं आणि वाटायलाही हवं. त्याला सोडू नका, पण त्याचं काम बदलेल. नव्या गाडीची बॅटरी बदलली तरी ती संगणकात नोंदवावी लागते. नोंद नसेल तर गाडी जुन्या बॅटरीच्या हिशेबाने चार्जिंग करत राहते आणि नवी बॅटरी लवकर मारते. मागचे ब्रेक पॅड बदलताना इलेक्ट्रिक हँडब्रेक सर्व्हिस मोडमध्ये न्यावा लागतो. पुढची काच बदलली तर तिच्यामागचा कॅमेरा पुन्हा कॅलिब्रेट करावा लागतो, नाहीतर आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा समोरचं अंतर चुकीचं मोजेल. हे सगळं हाताच्या कौशल्यापेक्षा स्कॅनरचं आणि परवान्याचं काम आहे. वॉरंटी असेपर्यंत अधिकृत वर्कशॉप, त्यानंतर त्याच ब्रँडचं काम रोज करणारं स्वतंत्र वर्कशॉप. गाडी घेण्याआधीच असं एक वर्कशॉप शोधून ठेवा, तिथे जाऊन मालकाशी बोला, आत उभ्या असलेल्या गाड्या बघा. तुमच्याच मॉडेलच्या दोन-तीन गाड्या उघडलेल्या दिसल्या तर समाधान माना. एकही दिसली नाही तर दुसरं शोधा. तुमचा जुना मेकॅनिक सोबत असू द्या. त्याला गाडी नवी असेल, पण समोरचा माणूस खरं बोलतोय की नाही, हे तो तुमच्यापेक्षा लवकर ओळखेल.

इंजिन ऑइलच्या डब्यावर ‘फाइव्ह डब्ल्यू थर्टी’ हा ऑइलच्या दाटपणाचा आकडा तेवढाच बघून चालत नाही. बीएमडब्ल्यूसाठी ‘लाँगलाइफ-04’, मर्सिडीजसाठी ‘229.52’ अशी कंपनीच्या मंजुरीची खूण असते. पुस्तिकेत जो क्रमांक दिलाय तोच डब्यावर हवा, कारण डिझेलच्या धूर गाळणाऱ्या फिल्टरचं आयुष्य त्या ऑइलमधल्या राखेच्या प्रमाणावर ठरतं. पडद्यावर पुढची सर्व्हिस कितीही लांब दाखवली तरी ऑइल वर्षातून एकदा किंवा दहा-बारा हजार किलोमीटरला बदला. लांब अंतराचा तो हिशेब पहिल्या मालकाचा खर्च कमी दिसावा म्हणून सोयीचा आहे. आठ वर्षं गाडी ठेवणाऱ्याच्या सोयीचा नाही. तसंच गिअरबॉक्सचं. एक्स5 मधला आठ गिअरचा बॉक्स झेडएफ कंपनीचा आहे. ‘यातलं ऑइल आयुष्यभराचं आहे’ असं तुम्हाला काउंटरवर सांगतील. पण बॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः 80,000 ते 1,20,000 किलोमीटरदरम्यान, वापरानुसार, ते बदलायला सांगते. मी बनवणाऱ्याचं ऐकतो. आजवर त्याचा तोटा झाला नाही.

ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषतं, दर दोन वर्षांनी बदला. ब्रेकच्या डिस्क या गाड्यांत पॅडबरोबर झिजतात, साधारण दुसऱ्या पॅडच्या वेळी डिस्कही जातात. हा बिघाड नाही, हे धरूनच चालायचं.

आणखी एक सवय. प्राडोखाली वाकून बघितलं की कुठे ऑइल पाझरतंय ते दिसायचं. एक्स5 आणि जीएलईच्या पोटाखाली वाऱ्यासाठी आणि आवाजासाठी पॅनेलं लावलेली असतात. गळती त्यांच्यावर साठते, जमिनीवर थेंब पडत नाही, आणि मालक म्हणतो की पार्किंग तर कोरडं आहे. वर्षातून एकदा, ऑइल बदलताना, पोटाखालची सगळी पॅनेलं काढून घ्या आणि स्वतः उभं राहून बघा.

तीन वर्षांच्या जीएलईकडे वळतो, कारण मला वाटतं तुमचं मन तिकडे जास्त ओढ घेतंय. किमतीच्या बाजूने ते बरोबरच आहे. आलिशान गाडीचा सगळ्यात मोठा घसारा पहिल्या तीन-चार वर्षांत होतो आणि तो दुसऱ्याने सोसलेला असतो. प्राडो नऊ वर्षांनंतरही मान राखून विकली जाते. त्या अनुभवावरून नव्या एक्स5 च्या पुनर्विक्रीचा अंदाज बांधू नका, फार निराशा होईल. पण जुनी गाडी तपासायची ती नीट. शक्य असेल तर ती रात्रभर एका सपाट जागी उभी करून घ्या. संध्याकाळी चारही चाकांच्या मधल्या बिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची टेपने मोजून लिहा, आणि सकाळी गाडी उघडायच्या आधी पुन्हा मोजा. एखादा कोपरा दहा-पंधरा मिलिमीटर बसला असेल तर विकणाऱ्याचं म्हणणं काहीही असो, सस्पेन्शनचं काम आलंय. मग थंड इंजिन तुमच्यासमोर सुरू करा. तुम्ही पोचण्याआधीच गाडी गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा या.

स्कॅनर लावायचा तो नुसत्या इंजिनला नाही, सगळ्या कंट्रोल युनिटना, म्हणजे गाडीतल्या प्रत्येक यंत्रणेच्या छोट्या संगणकाला. काही युनिट किलोमीटरची नोंद स्वतःकडे ठेवतात आणि ती मीटरशी जुळायला हवी. एकाच दिवशी सगळे जुने फॉल्ट पुसलेले दिसले तर का पुसले ते विचारा. हेडलाइटच्या आत बाष्प आहे का बघा. ते पूर्ण युनिट बदलावं लागतं आणि ते किरकोळ काम नाही. काचेचं छत असेल तर त्याच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तुंबल्या आहेत का, पुढच्या सीटखालचा गालिचा ओलसर लागतो का, हात घालून बघा. पाणी आत आलं की ते वायरिंगपर्यंत जातं आणि तो त्रास वर्षानुवर्षं पुरतो. चार टायर एकाच कंपनीचे आणि मंजुरीच्या खुणेचे असतील, तर आधीच्या मालकाने पुढचीही काळजी घेतली असण्याची शक्यता मोठी. मी जुनी गाडी बघायला गेलो की इंजिनचं झाकण उघडण्याआधी टायर वाचतो.

विमा घेताना एजंटला एकूण हप्ता विचाराच, पण त्याआधी पुढची काच, एक हेडलाइट, एक रिम आणि एक बाजूचा आरसा यांची बदलीची किंमत वर्कशॉपमधून काढा. आरशातसुद्धा कॅमेरा, सेन्सर आणि मोटर असते. शहरात हेच भाग आधी फुटतात. या चार आकड्यांनी छाती दडपली तर ती गाडी सध्या तुमच्या ऐपतीची नाही, आणि हे कळायला शोरूमपेक्षा वर्कशॉप बरं.

एक तिसरी वाट तुमच्या यादीत नाही, ती सांगितली पाहिजे. लेक्सस हा टोयोटाचाच आलिशान ब्रँड, 1989 पासूनचा. त्यांची जीएक्स 2002 पासून प्राडोच्याच चेसिसवर येते. 2023 मध्ये नवी प्राडो आली, तिच्याच जोडीने नवी जीएक्सही. ती तुमच्याकडे मिळत असेल तर तुमच्या सगळ्या सवयी जशाच्या तशा राहतील, ओढाही आणि कच्चा रस्ताही. पण मागे सलग ॲक्सल तोच, उंचीही तीच. भीती वर्कशॉपची असेल तर जीएक्स घ्या. आईची पाठ हे कारण असेल तर ती उत्तर नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो.

तुम्ही दिलेली माहिती धरून माझा कौल असा: 19 इंची रिमची, एअर सस्पेन्शनची, छोट्या स्टेपनीची नवी डिझेल एक्स5, पूर्ण वाढीव वॉरंटीसह. आठ वर्षं ठेवायची. हे बजेटच्या बाहेर जात असेल तर वॉरंटी असलेली जीएलई, तीही रात्रभराच्या मोजमापात पास झाली तरच. वॉरंटी नसलेली, मोठ्या रिमची, ‘फार कमी चाललेली’ जीएलई कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्या.

आणि जमलं तर प्राडो लगेच विकू नका. दोन-तीन महिने दोन्ही गाड्या दारात असू द्या. डोंगराची पहिली फेरी नव्या गाडीने करा, तीही आईंना न घेता, आणि ओढ्याचं पाणी काठी घालून मोजा. दुसऱ्या फेरीला आईंना न्या. परत आल्यावर त्यांना काही विचारू नका, गाडीतून उतरताना त्यांचा हात दाराच्या कडेवर किती वेळ थांबतो तेवढं बघा. प्राडो विकायची की नाही, ते त्यानंतर ठरवा.